गोड्या पाण्याने धुवा

या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण निवृत्त झालेले असतात. लेखाबरोबर शाल-श्रीफळाचा फोटो असतो. मला अजून तिशी लागायची आहे. माझा फोटो आहे तो फक्त कंपनीच्या गेटपासवर, आणि त्यातही डोळे मिटलेले आहेत. संपादकांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "तू पत्रकं लिहितोस ना? मग लेख म्हणजे काय, लांबलेलं पत्रकच." म्हणून लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, इतरांच्या लेखांत भेटतो तसा अभिमान इथे फारसा भेटणार नाही. मला माझ्या धंद्यातलं जे ठळक आठवतं, ते आठवलं की मान खाली जाते.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचं जस्ताचं काम. लोखंडावर जस्ताचा थर चढवायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, ब्रशने रंग मारतात तसं काहीतरी असेल. तसं नाही. आधी लोखंड कॉस्टिकमध्ये बुडवून त्याचं तेल-ग्रीस काढायचं. मग ॲसिडच्या टाकीत सोडून गंज उतरवायचा. पाण्याने धुवायचं, नवसागराच्या पाण्यात बुचकळायचं, वाळवायचं आणि शेवटी वितळलेल्या जस्तात उतरवायचं. वर काढलं की चांदीसारखं लखलखतं. एखादा पाइप दोन्ही टोकांनी बंद असला आणि त्याला भोक पाडायला कुणी विसरलं, तर तो भट्टीत बॉम्बसारखा फुटतो आणि जस्त छपराच्या पत्र्यापर्यंत उडतं. उल्हासनगर कॅम्प दोनचे फॅब्रिकेटर हे भोक हमखास विसरतात. त्यांचा माल आम्ही गेटवरच उलटासुलटा करून बघायचो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक गृहस्थ सायकल घेऊन आले, म्हणे सीटसकट बुडवून द्या. एका बुवांनी मठाचा दरवाजा आणला आणि अट घातली की ॲसिडवाल्या हातांनी त्याला शिवायचं नाही. ॲसिडच्या टाकीवर तेव्हा काशिनाथ असायचा. बारवी धरणाकडच्या एका वाडीतला माणूस, बोलायचा कमी. तो शांतपणे म्हणाला, "मग महाराज, तुम्हीच घेऊन उतरा टाकीत."

मी टाकीवर कमी आणि गेटवर जास्त असायचो. कारण मला बोलता येतं. आमच्या कामगार-वस्त्यांसाठी लढणाऱ्या मंडळात पत्रकं लिहून, ती वाटून आणि चौकात वाचून माझा आवाज तयार झालेला. आमचे मालक वासूशेठ, उल्हासनगरचे सिंधी. त्यांनी हे हेरलं होतं. "साईं, तू मेरे खिलाफ इतना अच्छा बोलतोस, तर थोडं माझ्यासाठी पण बोल ना," असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलं. माझं एक ठरलेलं भाषण होतं. लोखंडाचा शत्रू समुद्र. खारं पाणी लागलं की लोखंड संपलं. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, पण त्यालाही जपावं लागतं. खाऱ्या पाण्यातून बाहेर आलं की लगेच गोड्या पाण्याने धुवा. हे शेवटचं वाक्य मी पत्रकातल्या घोषणेसारखं म्हणायचो.

आता नळाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे. पत्र्याची घरं, बहुतेक एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारी माणसं. तिथे पाणी नव्हतं. आमच्या मंडळाने ठरवलं की कारखान्यांच्या आवारात बोअर आहेत, त्यांतलं पाणी वस्तीला मिळालंच पाहिजे. पत्रक मी लिहिलं. 'यंत्रांना पाणी, माणसांना का नाही?' असं त्याचं शीर्षक. ज्या कंपनीत नोकरी करतो तिच्याच गेटवर मी ते वाटलं. वासूशेठ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मग एक दिवस प्लंबर बोलावून त्यांनी आमच्या बोअरची लाइन भिंतीबाहेर काढून दिली. नळ सुरू झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे पाणी आम्ही लढून मिळवलं.' अक्षर माझं. रोज कामावर येताना मी ते वाचायचो आणि छाती थोडी फुगवून आत जायचो.

चांगुणाबाई आली ती पावसाळ्याच्या तोंडावर. उरणकडची कोळीण, पन्नाशीची, हातात जाड चांदीच्या बांगड्या, आवाज लाटेवरून हाक मारल्यासारखा. टेम्पोच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीवर फायबरची होडी. एमआयडीसीत होडी! आजूबाजूच्या कंपन्यांतली माणसं गेटवर जमली.

होडीला ट्रॉली कशाला लागते, हे मलाही तेव्हाच कळलं. पूर्वी त्यांच्या गावाला खाडी घराच्या पायरीशी होती. पुढे बंदराचा भराव पडला आणि पाणी लांब गेलं. आता दर खेपेला होडी चाकावर चढवून भराव ओलांडायचा, चाकं पाण्यात घालायची आणि होडी तरंगली की ट्रॉली मागे ओढायची. होडी फायबरची, तिला गंज नाही. ट्रॉली मात्र रोज दोनदा खाऱ्या पाण्यात बुडते. ती कॅम्प दोनमध्ये बनवलेली, आमच्याकडेच जस्त चढवलेली, आणि आता थर पातळ झालेला.

मी माझं भाषण सुरू केलं. "मावशी, टेम्पो लांबून पळत आला की चाकांचे मधले हब तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले तर आत खारं पाणी ओढतात आणि बेअरिंग जाम. आधी गार होऊ द्यायचे."

"आमी आदी च्या पितो. तवर व्हतान गार," ती म्हणाली. मग तिने मुद्द्याचं विचारलं. "भरावामुलं आमचे गावान आता पावसाचं पानी भरतं. होरी ठेवाला जागा नाय. जस्त चढवून झालं का दोन म्हयनं इकरंच ठेवशील का? नारली पुनवेला नेन."

वासूशेठ "ये गोदाम है क्या?" म्हणाले, पण तिच्या आवाजापुढे नमले.

निघताना तिने मला विचारलं, "धुवाला पानी गोडं हाय ना रं तुमच्याकडं?"

मी म्हणालो, "मावशी, बोअरचं आहे. बारा महिने. काचेसारखं स्वच्छ. बाहेर वस्तीला पण तेच देतो आम्ही." आणि तिला भिंतीवरची अक्षरं दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवली.

ट्रॉली सोडवून, सगळी प्रक्रिया करून, नवा थर चढवून पुन्हा जोडली आणि होडी तिच्यावर ठेवून शेडच्या कडेला उभी केली. ते दोन महिने आमच्या खात्यात सणासारखे गेले. दुपारी डबे घेऊन सगळे होडीत चढायचे. वर पत्र्यावर पाऊस, बाजूला ॲसिडच्या टाकीची वाफ आणि मध्ये होडीत बसून आम्ही भाकरी खातोय. कुणी म्हणायचं, "चल रे, वाशीला सोड." कुणी म्हणायचं, "वाशी कशाला, डायरेक दुबई." काशिनाथने समुद्र कधी पाहिला नव्हता. तो नेहमी होडीच्या टोकाला बसायचा आणि जेवण झाल्यावर डबा धुऊन पाइप लावायचा. होडी धुवायचा, ट्रॉली धुवायचा, चाकांच्या मागे बोटं घालून घालून धुवायचा. मी म्हटलं, "काशिनाथ, ती समुद्रात गेलेलीच नाही, कशाला रोज?" तो म्हणाला, "तूच बोलला ना तिला, गोड्या पाण्यानं धुवा. परक्याची चीज आहे. धुवू दे."

मग जस्त पांढरं पडायला लागलं.

आधी सांध्यांवर भुकटी आली, पिठासारखी. मग चाकांच्या कमानीवर. भुकटी पुसली की खाली तांबूस. नारळी पौर्णिमा जवळ आली तोवर ट्रॉली अशी दिसत होती की हिच्यावर होडी चढवून भराव ओलांडला तर ॲक्सल वाटेतच बसेल. आणि ट्रॉली नाही तर होडी पाण्यात नाही. होडीवरची माणसं हंगामाच्या पहिल्या दिवशी ज्याची होडी तयार असेल त्याच्याकडे जातात, ती मग वर्षभर परत येत नाहीत. हे चांगुणाबाईनेच जाताना आम्हाला सांगितलं होतं.

मला कारण लगेच कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. शेठने जस्त मारलं! कोळणीला काय कळतंय, म्हणून थर पातळ चढवला. माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षकसुद्धा तयार झालं. मी तडक केबिनमध्ये गेलो आणि तोंडावर बोललो.

वासूशेठ चिडले नाहीत. उठले, मला रॅककडे घेऊन गेले. त्याच ट्रॉलीच्या वेळी त्याच भट्टीतून काढलेले, जास्तीचे म्हणून उरलेले दोन क्लॅम्प तिथे कोरडे पडले होते. लखलखीत. "ये देख, कॉम्रेड. सेम माल, सेम दिन. याला का नाही झालं? समुंदर की चीज है, समुंदर का नमक अंदर बैठा है. बाई को यही बोलना."

"ॲसिडमधून निघालेल्या लोखंडात कुठलं मीठ राहतंय, शेठ?"

"तर मग तू बोल कशाने झालं."

मी एक क्लॅम्प उचलून उलटासुलटा करून बघितला.

काशिनाथ मागे उभा होता. खाली बघत म्हणाला, "मी ज्या दिवशी सुट्टीवर होतो ना, त्या दिवशी नव्हती पांढरी होत. मी धुतली की होते."

आम्ही दोन ग्लास घेतले. एकात कॅन्टीनमधलं मीठ मूठभर टाकून बाहेरून आणलेलं टँकरचं पाणी, दुसऱ्यात आमच्या बोअरचं. दोन्हींत जस्त चढवलेला एकेक नवा खिळा. सकाळी येऊन बघितलं. मिठातला खिळा जरासा मळला होता. बोअरमधला पांढरा फटक, आणि हात लावला तर बोटावर त्याचा लगदा आला.

आमच्या शेडच्या मागे शोषखड्डा आहे. ॲसिडमधून काढलेला माल धुतला की ते धुवण त्या खड्ड्यात जातं आणि जमिनीत मुरतं. मुरतं म्हणजे कुठे जातं? हा प्रश्न चौथीतल्या पोराला पडेल. आमच्या मंडळाने नाल्यावर किती पत्रकं काढली! नाला काळा आहे, नाल्याला वास येतो, मोठ्या कंपन्यांचा निषेध असो. कारण काळं दिसतं. वासाने नाक झाकावं लागतं. बोअरचं पाणी काचेसारखं होतं, म्हणून त्याच्यावर कुणाला संशय आला नाही. शोषखड्डा ओलांडून मी रोज बोअरवर हात-पाय धुवायला जायचो. आणि तेच पाणी आम्ही मोर्चा काढून, पत्रक वाटून, शेठकडून हिसकावून वस्तीच्या घरोघर पोचवलं होतं. पेढे वाटून.

मंडळात मी हे सांगितलं तेव्हा आमचे ज्येष्ठ म्हणाले, "खरं आहे, पण जरा दमाने. नळ हे आपलं काम आहे. लोक म्हणतील, यांनी विष पाजलं." मी म्हटलं, "लोक बरोबरच म्हणतील." पण घरी कात्रपला जाताना त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शेठही तेच म्हणाले होते, त्यांच्या भाषेत. "सांग बाईला पाणी खराब आहे म्हणून. मग बाहेरचा नळ पण बंद करावा लागेल. तुझाच पोस्टर आहे ना माझ्या भिंतीवर?" मालक आणि मंडळ पहिल्यांदाच एका मताचे झाले होते. याची मला जी लाज वाटली, ती कुठल्याच पत्रकात बसणार नाही.

चांगुणाबाई नारळी पौर्णिमेच्या आधी टेम्पो घेऊन आली, सोबत तिचा दीर. ट्रॉलीभोवती एक फेरी मारली. बोटाने भुकटी उचलली, जिभेला लावून थुंकली.

वासूशेठ केबिनच्या दारातून म्हणाले, "बाई, समुंदर का असर है. काय करणार."

"समुद्राचं नाही मावशी," मी म्हणालो. "आमच्या पाण्याचं आहे. आमच्या बोअरमध्ये ॲसिड उतरलंय. आम्ही रोज धुतली, तेवढी रोज ती खाल्ली गेली."

तिने भुकटीचं बोट माझ्यापुढे धरलं. "गोड्या पान्यान?"

"हो."

"आमचे दर्यान तीन पावसालं काढलीन हिनं. तुमचे गोड्या पान्यान दोन म्हयनं नाय निगालं?" मग दिराकडे वळली. "आयकलंस? यो मना शिकवीत व्हता, दर्या लोखान खातंय म्हनून."

दीर हसला. तिचा मात्र चेहरा बदलला होता. ती मागच्या भिंतीकडे बघत होती. "आनि त्या बायांना पन ह्योच पानी देतांव?"

ती तरातरा चालत गेटबाहेर, भिंतीला वळसा घालून नळावर गेली. मी मागे. पाच-सहा बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. पुढे सुमनताई, नळ सुरू झाला त्या दिवशी पहिला हंडा तिनेच भरला होता आणि माझ्या तोंडात पेढा घातला होता.

"बायांनो, ह्या पानी पितांव?" चांगुणाबाईने विचारलं.

"पीत नाही, पिण्याचं लांबून टँकरवरून आणतो," सुमनताई म्हणाली. "हे वापरायला. भांडी, कपडे, आंघोळ."

मी सांगितलं. उभ्या उभ्या, घोषणेच्या आवाजात नाही, मला तो आवाज निघेचना. पाण्यात ॲसिड आहे. होडीच्या गाड्याचं जस्त गेलं. हे वापरू नका.

सुमनताईने हंडा खाली ठेवला. "ते आम्हाला माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे?"

"पाणी बरं नाही ते. जर्मनची भांडी पांढरी पडतात. पोरांच्या अंगाला खाज येते. कपडे वर्षात फाटतात. पहिल्या महिन्यातच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मागची एक पदर तोंडाला लावून म्हणाली, "कसं बोलायचं? तुम्ही पेढे वाटले होते."

"भाषण किती छान केलंत," सुमनताई म्हणाली. "तुमचं मन मोडलं असतं."

मी अनेकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पोलिसांनी कॉलर धरलेली आहे. पण इतकं काही लागलेलं नाही. आम्ही ज्यांच्यासाठी लढतो म्हणत होतो, त्यांनी आमचं मन राखायला वर्षभर पोरांची खाज सोसली. माझं लिखाण इतकं जोरदार होतं की त्यापुढे त्यांना खरं बोलायला जागाच उरली नव्हती.

चांगुणाबाईने मला दंडाला धरून परत आणलं. "रडाचं नंतर कर. माजी ट्रॉली?"

शेठने ती नव्याने करून दिली, एवढं त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. कुरकुर न करता पाण्याचा टँकर मागवला, बाकीचा माल बाजूला काढला. काशिनाथने आणि मी ट्रॉली सुटी केली, उरलेला थर ॲसिडमध्ये उतरवला, टँकरच्या पाण्याने धुतली, पुन्हा भट्टीत उतरवली. भोकं मी स्वतः तपासली. बेअरिंग नवीन, ग्रीस भरून. धुताना काशिनाथ एकदा म्हणाला, "मी किती मन लावून धुतली होती रे."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं टेम्पोबरोबर तिच्या गावाला गेलो. हब गार होईपर्यंत तिने आम्हाला चहा पाजला. भरावावरून ट्रॉली नीट खाली गेली, चाकं पाण्यात शिरली, होडी हलली आणि तरंगली. काशिनाथ गुडघाभर पाण्यात उभा होता. समुद्राकडे बघत नव्हता, चाकांकडे बघत होता.

"तुमचे हात बगू," चांगुणाबाई म्हणाली. ॲसिडवाल्यांचे हात कसे असतात ते सांगायला नको, भेगा पडलेले, नखं पिवळी. "धुवा इकरं."

"झोंबेल, मावशी."

"झोंबंल. खानार नाय."

आम्ही धुतले. झोंबलं.

निघताना तिने गावच्या विहिरीचं पाणी भरून एक कॅन टेम्पोत ठेवला, त्या बायांना द्यायला. मी तो मांडीवर धरून अंबरनाथपर्यंत आणला. नळावर सुमनताईला दिला. कुठलं पाणी म्हणून तिने विचारलं. उरणकडचं, समुद्राकाठचं, म्हटल्यावर ती आणि सगळ्याच हसायला लागल्या. "अगं बाई! दर्याकाठून गोडं पाणी आलं आपल्याला!" हसता हसता त्यांनी ते वाटून घेतलं, तांब्या-तांब्याने.

मी शेडमधून वायरब्रश आणला आणि भिंतीवरची अक्षरं खरवडायला लागलो. उलट्या बाजूने, शेवटच्या शब्दापासून. निळा रंग चांगला बसला होता, निघता निघेना. 'मिळवलं' तेवढं पुसलं गेलं. मग सुमनताईने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

"पुरे. एवढंच खोटं होतं."

नगरपालिकेकडे वस्तीच्या पाण्यासाठी अर्ज गेला आहे. या वेळी मजकूर सुमनताईने सांगितला, मी फक्त लिहून घेतला. शोषखड्ड्याबद्दल शेठशी रोज भांडण चालू आहे, आणि ते माझी नोकरी घेईल असं दिसतंय. नळाला आता बूच आहे. काही बायका अजूनही ते काढून पाणी भरतात, कारण दुसरं नाही. भिंतीवर अजून लिहिलेलं आहे, 'हे पाणी आम्ही लढून'.